किल्ली रुसते तेव्हा

अरबी गोष्टींतल्या अलिबाबाचा भाऊ कासीम आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. गुहेत शिरताना त्याला मंत्र आठवत होता. मोहरांची पोती भरून बाहेर पडायच्या वेळी मात्र तो नेमका शब्द विसरला, आणि जगातल्या साऱ्या धान्यांची नावे घेऊनही दार काही उघडले नाही. बिनकिल्लीच्या दारापुढे खोळंबलेला तो पहिला मनुष्य. लहानपणी मला त्याचे हसू येई. आता येत नाही. कारण कॉलेजच्या आवारात, मंगल कार्यालयाबाहेर, घाटातल्या चहाच्या टपरीपाशी असा एखादा कासीम मला वरचेवर भेटतो. दहा-बारा लाखांची गाडी समोर उभी असते, किल्ली हातात असते, आणि गृहस्थ कधी दाराचे हँडल ओढतात, कधी किल्लीचे बटण दाबतात, कधी ती किल्ली डोक्यावर उंच धरून देवाला दाखवतात. शेजारी पत्नी पिशव्या घेऊन उभी असते. तिच्या मुद्रेचे वर्णन करण्याचे धाडस मी करीत नाही.

मी मराठीचा प्राध्यापक. मोटारीच्या यंत्रविद्येत माझा काय अधिकार, असा प्रश्न आमच्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांनी मला विचारून झालेला आहे. माझा अधिकार एवढाच की सहा वर्षे मी अशी गाडी वापरतो आहे आणि तिच्याबरोबर आलेले माहितीपुस्तक मी पोथीसारखे पानापानाने वाचले आहे. दुर्बोध मजकुराचा अर्थ लावणे हा आमचा पिढीजात धंदाच आहे! त्या वाचनातून आणि चार लोकांच्या अडचणींतून जे हाती लागले, ते येथे सांगतो. सारांश आधीच सांगून टाकू का? ही किल्ली रुसली म्हणजे मोडली असे नव्हे. किल्ली आणि गाडी यांच्यात एक संवाद चालत असतो. त्या संवादात नेमके कोण गप्प बसले आहे, हे ओळखता आले की बहुतेक वेळा कुलूप उघडते आणि खिसाही वाचतो.

‘प्लिप’पासून आजपर्यंत

‘चावी’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. ही दुरून चालणारी किल्ली मात्र फ्रेंचांकडून आली असे म्हणावे लागेल. १९८० साली अमेरिकेत फोर्ड कंपनीने आपल्या काही गाड्यांच्या दारावर आकड्यांची बटणे बसवली होती. आकडे बरोबर दाबले की दार उघडे. परंतु हातातल्या बटणाने दुरून दार उघडण्याची सोय १९८२ साली रेनॉ कंपनीच्या ‘फुएगो’ या गाडीत आली. ती पॉल लिपशुट्झ यांची करामत. त्यांच्या नावाचे पहिले अक्षर आणि आडनावाचा पहिला तुकडा जोडून फ्रेंच लोक गाडीच्या रिमोटला ‘प्लिप’ म्हणू लागले. हे प्लिप अवरक्त किरणांवर चाले. म्हणजे घरच्या टीव्हीच्या रिमोटप्रमाणे ते समोर नेम धरून दाबावे लागे. पुढे रेडिओलहरी आल्या आणि नेमबाजी संपली. १९९३ साली शेव्हरोले कंपनीच्या ‘कॉर्व्हेट’ या गाडीत बटण दाबण्याचे कष्टही उरले नाहीत. किल्ली खिशात ठेवून नुसते जवळ गेले की कुलूप उघडू लागले. ही चैन तेव्हा शौकिनांची होती. आज ती आपल्याकडच्या मध्यमवर्गीय गाड्यांतही आली आहे, आणि चैनीबरोबर तिची डोकेदुखीही आली आहे.

परवलीचा शब्द

जुन्या गडांच्या दरवाज्यावर रात्री पहारेकरी हाळी देत. बाहेरचा मनुष्य परवलीचा शब्द सांगे, आणि शब्द पटला तर दिंडी उघडे. शहाणा किल्लेदार हा शब्द वरचेवर बदलीत असे. आपल्या गाडीत हाच कारभार चालतो.

दाराच्या हँडलवर एक लहान काळे बटण असते. काही गाड्यांत बटणाऐवजी नुसता स्पर्श पुरतो. ते दाबले की गाडी हाळी देते. ही हाळी सामान्यतः १२५ किलोहर्ट्झच्या आसपासची, म्हणजे आकाशवाणीच्या मध्यम लहरींपेक्षाही खालच्या पट्टीतली असते, आणि ती मीटर-दीड मीटरच्या पलीकडे पोचत नाही. तुमच्या खिशात झोपलेली किल्ली ती ऐकून जागी होते आणि उलट उत्तर देते. तिचे उत्तर आपल्याकडच्या गाड्यांत बहुधा ४३३ मेगाहर्ट्झच्या पट्टीत असते. गवयाच्या भाषेत सांगायचे तर गाडी मंद्र सप्तकात विचारते आणि किल्ली तार सप्तकात उत्तर देते. हाक वेगळी, उत्तर वेगळे. हा भेद ध्यानात ठेवावा, पुढे तो उपयोगी पडणार आहे.

किल्लीवरचे बटण दाबले तर गाडीच्या हाळीची गरज नसते. किल्ली स्वतःच परवलीचा शब्द उच्चारते, आणि हा शब्द दर वेळी नवा असतो. किल्ली आणि गाडी दोघीही मनात एकच मोजणी चालवतात. पाचशेव्या वेळचा शब्द चोराने टिपून ठेवला तरी तो पुढे शिळा ठरतो, कारण गाडी आता पाचशे एकावा शब्द ऐकायला बसलेली असते. घरी बसून नातवाने बटण दहा-वीस वेळा दाबले तर गाडी तेवढे सांभाळून घेते. ती पुढचे काही शब्दही मान्य करते. नातवाने दुपारभर तोच खेळ मांडला, तर मात्र मोजणी फार पुढे जाते आणि गाडी किल्लीला ओळख देईनाशी होते. मग दोघींची पुन्हा गाठ घालून द्यावी लागते. त्याची रीत प्रत्येक गाडीच्या पुस्तकात असते.

या बडबड्या किल्लीच्या पोटात आणखी दोन मुक्या वस्तू दडलेल्या असतात, आणि अडचणीच्या वेळी त्याच कामाला येतात. एक म्हणजे साध्या धातूची पातळ किल्ली. कडेची खिट्टी दाबली की ती बाहेर येते. दुसरी म्हणजे एक चिमुकली चकती, जिला स्वतःचा सेल लागतच नाही. ती गाडीच्या ‘स्टार्ट’च्या बटणाजवळ नेली की तिथल्या वेटोळ्यातून तिला शक्ती मिळते आणि ती आपली ओळख पटवते. मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवलेला हा विद्युत-प्रवर्तनाचा नियम. दोनशे वर्षांपूर्वीचा, पण आजही ऐनवेळी धावून येणारा.

व्याकरण चालवू या

शाळेत आम्हांला वाक्याचे व्याकरण चालवायला सांगत. कर्ता कोणता, कर्म कोणते, क्रियापद कोणते. बिघडलेल्या किल्लीचेही असेच व्याकरण चालवावे. किल्ली हा कर्ता, गाडी हे कर्म आणि मधल्या हवेतून जाणारा निरोप हे क्रियापद. वाक्य अडले तर या तिघांपैकी कोणी तरी चुकले आहे. एकदम नवी किल्ली मागवणे म्हणजे एक काना चुकला म्हणून अख्खा ग्रंथ फाडण्यासारखे आहे.

पहिली परीक्षा दुसऱ्या किल्लीची. गाडीबरोबर बहुधा दोन किल्ल्या मिळतात. दुसरी चालत असेल तर गाडी निर्दोष, पहिल्या किल्लीत दोष. दोन्ही गप्प असतील तर संशय गाडीकडे वळवावा. दोन मिनिटांची ही परीक्षा हजारो रुपये वाचवते. अट एकच, दुसरी किल्ली घरात कोठे आहे हे घरातल्या माणसांना ठाऊक हवे.

किल्लीत दोष असेल तर आधी सेल पाहावा. तो आयुष्य संपत आल्याची सूचना देत असतो. पूर्वी वीस पावलांवरून उघडणारे दार आता तीन पावलांवर आल्याशिवाय उघडत नाही, किल्लीवरचा दिवा मिणमिणतो, गाडीच्या फलकावर किल्लीचे चित्र उमटते. बहुतेकांच्या किल्लीत सीआर २०३२ नावाचा सेल असतो. हा आकडा म्हणजे त्याची जन्मपत्रिका. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. २०२५ असेल तर व्यास तोच, जाडी २.५. दुकानदार “एकच हो, चालतं!” म्हणाला तरी ऐकू नये. जाड सेल कोंबला तर पत्र्या वाकतात, पातळ घातला तर सैल राहतो. दोन्ही सेल ३ व्होल्टचेच, पण पोशाख मापाचा हवा.

किल्लीच्या कडेला खाच असते. तीत कापड गुंडाळलेला पेचकस घालून हलकेच पिळावे. जुन्या सेलची अधिक चिन्हाची बाजू कोणीकडे होती ते पाहून ठेवावे. नवा सेल कडेने धरावा, आतल्या हिरव्या पट्टीला बोट लावू नये. पत्र्यांवर हिरवट चढले असेल तर कोरड्या फडक्याने पुसावे. पावसाळ्यात कोकणात जाऊन आलेल्या किल्ल्यांना हा रोग हटकून जडतो. सेल काढल्याने बहुतेक किल्ल्यांची ओळख पुसली जात नाही, तेव्हा त्या भीतीने कोणी हात आखडू नये.

गाडीकडे वळू. दोन्ही किल्ल्या गप्प असतील तर धातूची किल्ली काढून चालकाच्या दाराने आत जावे. तिचे भोक पुष्कळ गाड्यांत हँडलच्या टोकाशी एका लहानशा टोपणाखाली दडवलेले असते. दार उघडल्यावर आतला दिवा लागला का? तो लागला नाही किंवा केविलवाणा लागला, तर गाडीची मोठी १२ व्होल्टची बॅटरी उतरली आहे. गाडीच निद्रिस्त असताना किल्लीने कितीही हाका मारल्या तरी ऐकणार कोण? दिवा लख्ख लागला, तर किल्ली ‘स्टार्ट’च्या बटणाला टेकवून गाडी सुरू करून पाहावी. काही गाड्यांत तिच्यासाठी वेगळी खोबण असते. अशी गाडी सुरू झाली तर दोन शक्यता उरतात. दोन्ही किल्ल्यांचे सेल एकाच वयाचे असल्याने बरोबरच संपले असतील, किंवा गाडीचा कान, म्हणजे तिचा रेडिओ-ग्राहक अथवा त्याचा फ्यूज, गेला असेल. नवा सेल घालूनही मौन सुटले नाही, तर मात्र वाहनतज्ज्ञाकडेच जावे.

आता मघाचा तो भेद. किल्लीवरचे बटण चालते, पण हँडलवरचे चालत नाही, याचा अर्थ किल्लीचे उत्तर ठीक आहे, गाडीची हाळी उमटत नाही. हँडलवरच्या बटणाचे रबर फाटून आत पाणी शिरणे हे त्याचे एक नेहमीचे कारण. उलट हँडलवरचे चालते आणि किल्लीवरचे नाही, तर किल्लीचे बटण झिजले आहे. दोन्हींचा खर्च वेगळा, म्हणून हे निदान आपल्याला आधी ठाऊक असावे.

राहिले क्रियापद. एरवी नीट चालणारी किल्ली एका ठराविक जागीच चालत नसेल, तर दोष त्या जागेचा. प्रक्षेपण मनोरे, वीजकेंद्रे, विमानतळ यांच्या आसपास हवेत इतका गोंगाट असतो की किल्लीचा बारीक आवाज त्यात बुडून जातो. किल्ली मोबाइलला चिकटून एकाच खिशात असली तरी असे होते. मोबाइल दूर करावा, किल्ली दाराजवळ न्यावी आणि पुन्हा प्रयत्न करावा.

आणि काही वेळा बिघाड मुळी नसतोच. डिकी अर्धवट लागलेली असते, किंवा गाडी पूर्ण बंद केलेली नसते, किंवा दुसरी किल्ली आतच राहिलेली असते. अशा वेळी गाडी कुलूप लावायचे नाकारून ट्यँ-ट्यँ करते. तिची ती कुरकुर आपल्याच भल्यासाठी असते.

एका गाडीची गोष्ट

आमच्या साताऱ्याच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक काकू राहतात. गेल्या वर्षी त्यांचे यजमान वारले. काका होते तोवर गाडीची किल्ली त्यांच्याच खिशात. काकूंजवळ लायसन होते, हातही चांगला बसलेला होता, पण संसारात चालवायची पाळी फारशी आली नाही. काका गेल्यावर दहा-अकरा आठवडे गाडी आच्छादनाखाली उभी राहिली. काकूंची आई वाईला असते, वय पंच्याऐंशी. तिला भेटायला म्हणून काकूंनी एके दिवशी किल्ली घेतली, तर गाडी ढिम्म. कपाटातून दुसरी किल्ली काढली, तीही मुकी.

जुन्या गाड्यांचे व्यवहार करणारा एक गृहस्थ दुसऱ्याच दिवशी हजर झाला. “सिस्टीमच गेली, मावशी. पंचवीस-तीस हजारांचा खड्डा आहे,” असे सांगून त्याने गाडीच्या भावातून साठ हजार उतरवले. काकू कबूलही झाल्या होत्या. जिन्यात भेटल्या तेव्हा मला म्हणाल्या, “सर, ह्यांच्या हाताची सवय होती हो गाडीला. माझं कशाला ऐकेल ती?”

मी म्हटले, “काकू, गाडीला हात ओळखता येत नाही. बघू या तरी.”

किल्लीच्या कडेची खिट्टी दाबून मी धातूची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. ती तिथे असते हेच त्यांना ठाऊक नव्हते. हँडलचे टोपण काढून त्यांनी ती फिरवली, आणि दार उघडले. आतला दिवा लागला नाही. हॉर्न वाजला नाही. बॅटरी उतरली होती, दुसरे काही नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजातला मुलगा तारा घेऊन आला, आणि आपल्या गाडीची शक्ती त्याने हिला जोडली. गाडी जागी होताच चोर समजून भोंगा केकाटू लागला, तेव्हा दोन मजल्यांवरची मंडळी गॅलरीत आली. काकूंनी हातातल्या किल्लीचे बटण दाबले. भोंगा एकदम थांबला. “ऐकलं की हो!” काकू म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.

दुसरी किल्ली अजून मुकीच होती. एक चालते, एक नाही, म्हणजे सेल. तो काकूंनी स्वतः बदलला. मुलाचे तीनशे आणि सेलचे साठ, एवढा सारा खर्च. गाडी एक-दोन तास चालवून आणल्यावर बॅटरीही सावरली. विकत घेणारा गृहस्थ पुन्हा आला, तेव्हा गाडी वाईला गेलेली होती.

पूर्वी वाड्यात किल्ल्यांचा जुडगा घरधनिणीच्या कमरेला असे. कोठीची, माजघराची, ट्रंकेची, सगळ्या किल्ल्या तिच्या ताब्यात, आणि त्या आवाजाला घरात मान होता. गाडीची किल्ली मात्र पुष्कळ घरांत एकाच्या खिशात राहिली, आणि तिची माहिती एकाच्या डोक्यात. साठ रुपयांच्या सेलसाठी साठ हजार जाण्याची वेळ येते ती यामुळे.

तीन सावधगिऱ्या

पहिली, काढलेल्या सेलची. तो चकचकीत, गोल आणि गोळीएवढा असतो. लहान मुले तो हमखास तोंडात घालतात. घशाखाली अन्ननलिकेत तो अडकला तर विजेच्या क्रियेने दोन तासांत आतली त्वचा गंभीर भाजू शकते. तेव्हा जुना सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा, आणि मूल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

दुसरी, गाडीत अडकलेल्या मुलाची. उन्हात बंद गाडीचे तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहाएक अंशांनी चढू शकते. किल्ली आत, मूल आत आणि दार बंद, अशा वेळी वर सांगितलेले व्याकरण गुंडाळून ठेवावे. दुसरी किल्ली हाताशी नसेल, तर मुलापासून लांबची काच सरळ फोडावी. ज्ञानदेवांनी ताटी लावून घेतली तेव्हा मुक्ताईने अभंगांनी विनवले आणि ताटी उघडली. यंत्राची ताटी विनवण्याने उघडत नाही, आणि काचेची किंमत करीत बसण्याची ती वेळ नसते.

तिसरी, चोरांची. २०११ साली झुरिकच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा गाड्या अशा किल्लीशिवाय उघडून आणि सुरू करून दाखवल्या. परवलीचा शब्द त्यांनी फोडला नाही. गाडीची हाळी एका यंत्राने दूरच्या किल्लीपर्यंत पोचवली, एवढेच. घरात खुंटीवर टांगलेल्या किल्लीला वाटले, गाडी शेजारीच आहे. तिने भाबडेपणाने उत्तर दिले. तेव्हापासून ही युक्ती चोरांनीही उचलली आहे. उपाय घरगुती आहे. किल्ली घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी, कारण धातूच्या बंद डब्यातून लहरी सहसा आरपार जात नाहीत. डबा चांगला की नाही हे पाहायचे तर किल्ली आत घालून तो घेऊन गाडीपाशी जावे आणि हँडलचे बटण दाबावे. दार उघडले तर तो डबा चिवड्यालाच ठेवावा. किल्ली गाडीच्या अगदी जवळच्या भिंतीवर टांगण्याची सवयही सोडावी. दिवसरात्र गाडीच्या हाका ऐकून तिचा सेल लवकर थकतो.

दसऱ्याला आपण गाडीला हार घालतो, हळदकुंकू वाहतो. दिवाळीच्या सुट्टीत आणखी एक संस्कार करून टाकावा असे मी सुचवतो. फराळ झाला, पाहुणे पांगले, की घरातल्या सर्वांना गाडीपाशी न्यावे. आजी, सून, कॉलेजात जाणारी मुलगी, कोणालाही वगळू नये. दुसरी किल्ली कोठे ठेवली आहे ते सांगावे. पोटातली धातूची किल्ली ज्याने त्याने आपल्या हाताने काढून दार उघडावे. किल्ली ‘स्टार्ट’च्या बटणाला टेकवून कशी धरायची ते एकदा करून पाहावे. सेलचा आकडा माहितीपुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवावा आणि एक नवा सेल आणून मुलांच्या हाताबाहेरच्या खणात टाकावा. अर्ध्या तासाचे काम आहे. तोवर चहा होईल.